गार इंजिन खरं बोलतं

जुनी डिझेल पिकअप बघायला जायचं ठरलं की विकणाऱ्याला मी आधी एकच निरोप धाडतो. आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पहाटे येतो, चहाची गडबड नको. बहुतेक जण हो म्हणतात. तरी पोचल्यावर मी कागदपत्रं, टायर, हौदा यातलं काही बघत नाही. बॉनेट उघडायला लावतो आणि इंजिनावर हात ठेवतो. हात गार लागला तर पुढचं बोलणं. कोमट लागला तर समजायचं, आपण यायच्या आधी कुणीतरी गाडीला समजावून ठेवलंय.

तापलेलं डिझेल इंजिन मोठं मिठ्ठास असतं. एका सेल्फला सुरू होतं, धूर नाही, आवाज एकसारखा. कारण साधं आहे. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की तिच्यात फवारलेलं डिझेल आपसूक पेटलं पाहिजे. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये नीट चाललं, तेव्हापासून हा हिशेब तोच आहे. हवा सतरा-अठरा पट दाबली की तिचं तापमान पाचशे अंशांच्या पुढं जातं. डिझेल पेटायला त्याच्या निम्म्यानं भागतं. म्हणजे हाताशी शिल्लक भरपूर. पण रिंगा झिजल्या की दाब गळतो. सिलिंडरच्या गार भिंती उष्णता खातात. बॅटरी अर्धमेली असली की सेल्फ सावकाश फिरतो, आणि सावकाश फिरला की दाबाला गळायला आणखी सवड मिळते. अशी ती शिल्लक चारी बाजूंनी खर्च होते. इंजिन तापलेलं असलं तर यातलं काही वर येत नाही. पहाटे सगळं येतं.

“मेजर, कोल्हापुरात कसली आलीय थंडी?” असं गिऱ्हाईक हसून विचारतं. (आमच्याकडं फौजेतून आलेला कुणीही मेजर असतो, हुद्दा काही का असेना.) खरं आहे. इथं पारा चौदा-पंधरावर असतो, दहा-बारावर आला की पेपरात शेकोटीचा फोटो येतो. मी फौजेच्या ईएमईत व्हेइकल मेकॅनिक होतो आणि काही हिवाळे लेहच्या बाजूला काढलेत. तिथं उणे वीस म्हणजे रोजचं. शिवाय लेह साडेतीन हजार मीटरवर, हवाच विरळ, मग दाबायचं तरी काय? रात्री पाळ्या लावून थोड्या थोड्या वेळानं गाड्या सुरू कराव्या लागत. सकाळी ऑइल पॅनखाली ब्लोलॅम्प धरायचा, तोही बेतानं. हँडब्रेक ओढून गाडी उभी करायची नाही, चाकांना दगड लावायचे; ओढला तर सकाळी ब्रेकशू ड्रमला धरून बसलेले. आणि डिझेल तर थंडीतल्या तुपासारखं थिजायचं.

डिझेलमध्ये मेण असतं हे इथल्या ड्रायव्हरला सांगितलं तर तो पंपवाल्याच्या नावानं बोटं मोडायला लागतो. भेसळ नव्हे, ते मुळातच असतं. गारठ्यात त्याचे बारीक कण होतात आणि ते आधी फिल्टर धरतात. टाकीत डिझेल पातळ दिसतं, पण इंजिनापर्यंत पोचत नाही. आपल्या आयएस १४६० या मानकात म्हणून दोन मोसम धरलेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हिवाळा, त्यात ६ अंशांपर्यंत डिझेल फिल्टरमधून गेलं पाहिजे. बाकीच्या महिन्यांत १८ अंशांपर्यंत गेलं तरी ते मानकात बसतं. तेव्हा ऑक्टोबरात इथं टाकी फुल्ल करून कुणी थेट मनालीच्या वर निघाला, तर वाटेत त्याची गाडी का बसली हे मला फोनवरही सांगता येतं. इंडियन ऑइलनं २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारं हिवाळी डिझेल आणलं, ते पानिपतच्या रिफायनरीत तयार होतं. त्याआधी जुन्या गाड्यांत रॉकेल मिसळून भागवायचे. आताच्या कॉमन रेल गाडीत तो उद्योग करू नये. तिच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच असतं, आणि दाब हजार बारच्या वर. रॉकेलनं चार पैसे वाचतील आणि पंप जाईल.

आमच्या गल्लीतला एक पोरगा कॅनडात एडमंटनला असतो. त्यानं तिथं जुनी डिझेल पिकअप घेतली आणि व्हिडिओवर बंपरमधून लोंबणारी विजेची पिन दाखवून विचारलं, “काका, ही गाडी चार्जिंगची हाय काय?” ब्लॉक हीटर तो. रात्री घरातल्या सॉकेटला जोडायचा, म्हणजे इंजिनातलं कूलंट कोमट राहतं. तिकडं काही पार्किंगमध्येही असे सॉकेट असतात. त्याला म्हटलं, आधी ती पिन जोडून हीटर खरंच तापतोय का बघ, मग कूलंट किती अंशांपर्यंत टिकतंय ते तपासून घे. जुन्या मालकानं नुसतं पाणी ओतून ठेवलं असेल तर पहिल्याच हिवाळ्यात ब्लॉक फुटेल.

आपल्याकडं ब्लॉक फुटत नाही. पण चौदा अंशांची पहाट एवढी परीक्षा घ्यायला पुरते. उणे वीसला चांगली इंजिनंही नापास होतात, त्यामुळं दोष कुणाचा, गाडीचा की हवेचा, ते कळत नाही. कोल्हापूरच्या थंडीत धड इंजिन विनातक्रार सुरू होतं आणि ज्यात काही बिघाड आहे तेवढंच कुरकुरतं. निदानाला याहून सोयीची हवा नाही, असं माझं मत आहे.

शिरोळ तालुक्यातल्या एका दूधवाल्या पोराची गाडी याच दिवसांत माझ्याकडं आली. त्यानं पावसाळा संपताना जुनी पिकअप घेतली होती, बीएस-४ ची, दिसायला नवी कोरी. दसरा-दिवाळी झकास गेली. मग गारठा पडला आणि पहाटेच्या दुधाला गाडी सुरू होईना. दुधाला तर उशीर चालत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची. कशीबशी सुरू झाली की मिनिटभर अंगात आल्यासारखी थरथरायची, डोळ्याला झोंबणारा पांढरा धूर, आणि मग जसं काही झालंच नव्हतं. दुपारी कुणालाही दाखवली तर एका सेल्फला सुरू. कुणी नवी बॅटरी बसवायला लावली, कुणी चारही हीटर प्लग बदलले. एकानं एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरायचा सल्ला दिला. हा सल्ला देणाऱ्याला मी गॅरेजात उभा करत नाही. हीटर प्लगच्या इंजिनात स्टार्टिंगचा स्प्रे मारणाऱ्यालाही नाही. नको त्या वेळी भडका उडतो आणि रिंगा तुटतात.

“गाडी ठेवून जा रात्रभर,” म्हटलं.

पहाटे आधी मल्टिमीटर घेतला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनाच्या ब्लॉकला, आणि पोराला सेल्फ मारायला लावला. इथं अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. आलं एकाच्या वर. म्हणजे नवी बॅटरी घालूनही तिची ताकद अर्थिंगच्या पट्टीतच मुरत होती. पट्टी सोडवली तर आतून हिरवी भुकटी. घासून, घट्ट आवळून पुन्हा मारला. सेल्फ चांगला फिरला, गाडी लवकर सुरू झाली, पण थरथर आणि धूर तसाच. मग सुरू झाल्याबरोबर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांवर बोटानं पाण्याचे थेंब टाकत गेलो. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या नळीवर थेंब थोड्याच वेळात चर्र करून उडायला लागले. तिसरीवरचा नुसता ओघळून खाली गेला. तिसरा सिलिंडर पेटत नव्हता. मिनिटभरानं तिथंही चर्र झालं आणि त्याच क्षणी धूर थांबला.

हीटर प्लग नवे, इंजेक्टर पंपवाल्याकडून तपासून आणलेले. मग प्लगच्या भोकांतून कॉम्प्रेशन घेतलं. तिघे पावणेचारशे ते चारशे पौंडांच्या मध्ये, तिसरा सव्वातीनशेच्या खाली. तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं. रिंगा गेलेल्या असत्या तर ऑइलनं फटी भरून आकडा वर आला असता. तो ढिम्म हलला नाही. तेव्हा मी पोराला म्हटलं, जरा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ. रोज कुणी एवढा ओढत नाही. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा वाळलेला डाग होता, सरळ रेषेत. मॅटखाली, हॉर्नच्या भोंग्यात, फ्यूजबॉक्सच्या कोपऱ्यात तोच पोयटा. नदीकाठच्या माणसाला ती माती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं काय केलं ते इथं कुणाला सांगायला नको. शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं होतं. दारात, शेडमध्ये, रस्त्याकडेला उभ्या गाड्या बुडाल्या. गाडी नुसती बुडाली तर तितकंसं बिघडत नाही. सगळं ऑइल, डिझेल, ग्रीस काढून धुतली तर वाचते. घात होतो तो पाणी ओसरताना कुणीतरी घाईनं किल्ली फिरवली की. एअर क्लीनरमधून सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं आणि पाणी दाबलं जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. तुटला तर लगेच कळतं. पण किंचित वाकला तर गाडी धुऊन, रंगवून, पॉलिश मारून वर्षानुवर्षं चालते. पिस्टन फक्त मिलिमीटरभर खाली राहतो. तेवढ्यानं दाब उतरतो. उन्हाळ्यात त्या सिलिंडरची शिल्लक पुरते, थंडीत पुरत नाही.

हेड उतरवलं, डायल गेज लावलं. तिसरा पिस्टन शेजाऱ्यांपेक्षा मिलिमीटरहून थोडा जास्तच खाली. पोरगा गेजच्या काट्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, “एवढ्यानं?”

“एवढ्यानंच.”

विकणाऱ्याशी काय बोलायचं ते तो बघेल. मी त्यात पडत नाही. रॉड, बेअरिंग, गॅस्केट असं हाफ इंजिनचं काम निघालं आणि ते करताना आणखी एक चीज सापडली, म्हणजे सापडली नाही. थर्मोस्टॅटच्या जागी नुसतं भोक. हा आपल्याकडचा जुना रोग आहे. गाडी गरम होते म्हटलं की रेडिएटर साफ करण्याऐवजी थर्मोस्टॅट काढून फेकतात. मग इंजिन उकळत नाही हे खरं, पण थंडीत ते नीट तापतही नाही. सकाळी मैलोगणती गार चालतं, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, भिंती झिजतात. मालक म्हणतो अ‍ॅव्हरेज पडलं. थर्मोस्टॅटची किंमत एका टाकीच्या डिझेलपुढं काहीच नाही, तरी तो बसवून घ्यायला माणसाला पटवावं लागतं. कूलंटचंही तसंच. “पाणी फुकट असताना ते हिरवं कशाला?” पाणी इथं गोठत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण बोअरच्या पाण्यानं आत क्षार धरतो आणि गंज चढतो, त्यापायीही कूलंट लागतं.

जुनी गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात मी तिचं सगळं द्रव बदलून टाकायला लावतो. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, क्राउनचं ऑइल, कूलंट, डिझेल फिल्टर. आधीच्या मालकानं “परवाच केलंय” म्हटलं तरी. त्याचं परवा कधी होतं ते त्यालाच ठाऊक. सकाळी सुरू केल्यावर लगेच रेस द्यायची नाही, टर्बोपर्यंत ऑइल पोचू द्यायचं. पण अर्धा-अर्धा तास जागेवर घुरघुरत ठेवायचंही कारण नाही. लेहला तो हुकूम होता, इथं नुसतं डिझेल जळतं. दोन मिनिटं थांबा आणि सावकाश निघा, चालता चालता ती तापते.

आणि संध्याकाळी टाकी भरून ठेवा. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीचं दव धरतं, ते पाणी तळाशी बसून फिल्टरपर्यंत येतं. फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं काढायचं. पाणी खाली, डिझेल वर, मधली रेघ स्वच्छ दिसते. शिरोळचा तो पोरगा हे काम टाळायचा, म्हणून त्याला सांगितलं की दर पंधरवड्याला बाटलीचा फोटो पाठवायचा, नाहीतर माझ्याकडं गाडी आणायची नाही. तो पाठवतो. परवाच्या फोटोत बोटभर पाणी होतं. लगेच फोन लावला आणि विचारलं, डिझेल कुठल्या पंपावर भरलंस? तो म्हणाला, मावसभावाच्या. आता त्या दोघांचं काय व्हायचं ते होवो, मी त्याला टाकी उतरवून धुवायला बुधवारी बोलावलंय.