ले रोंकोले ते ला स्काला

उत्तर इटलीत पो नदीच्या दक्षिणेस पसरलेला पार्मा प्रांताचा सपाट मुलूख प्रथमदर्शनी प्रवाशाच्या मनात भरत नाही. येथे डोंगर नाहीत, सरोवरे नाहीत, रोमसारखे भग्न राजवाडेही नाहीत. आहेत ती मक्याची व गव्हाची शेते, कालव्यांच्या कडेने उभे असलेले उंच पॉप्लर वृक्ष, गाईगुरांचे गोठे आणि हिवाळ्यात महिनोन्महिने न हटणारे दाट धुके. पार्मेजान चीज याच मुलखाचे. शेतकऱ्याने पहाटे उठावे, दूध काढावे, रविवारी मिस्सेला जावे आणि संध्याकाळी खाणावळीत बसून पिकापाण्याच्या गप्पा माराव्यात, असा येथला शतकानुशतकांचा क्रम. अशा मुलखातून, पार्मा शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या ले रोंकोले नावाच्या खेड्यातून, एकोणिसाव्या शतकातील ऑपेराचा एक सर्वश्रेष्ठ रचनाकार निघाला. त्याचे नाव जुझेप्पे व्हेर्दी. रोमहून उत्तरेकडे जाण्याचा योग आला तेव्हा मी वाट वाकडी करून हे खेडे मुद्दाम पाहिले. त्याचा वृत्तांत वाचकांस सादर करीत आहे.

फिदेन्झा या स्थानकावर गाडी बदलून क्रेमोनाकडे जाणाऱ्या लहान गाडीने बुस्सेतोस उतरावे लागते. तेथून रोंकोले पाच किलोमीटर. रस्त्याच्या कडेस उतरत्या छपराचे एक बैठे घर आहे. व्हेर्दीचे जन्मघर म्हणून तेच दाखविले जाते. १८१३ च्या ऑक्टोबरात त्याचा जन्म झाला. बाप कार्लो खाणावळ चालवी व किरकोळ वाणसामान विकी. आई लुईजा सूत काताई. त्या वेळी हा मुलूख नेपोलियनच्या साम्राज्यात मोडत असल्यामुळे या इटालियन शेतकरी मुलाच्या जन्माची नोंद फ्रेंच भाषेत झालेली आहे!

घरासमोरच संत मिखाएल महादूताचे चर्च आहे. येथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. १८१४ साली परकी सैन्ये गावात घुसली असता आई तान्ह्या मुलास घेऊन याच चर्चच्या घंटाघरात लपली होती, अशी गावात आख्यायिका आहे. आत माळ्यावर जुना ऑर्गन अद्याप जपून ठेवलेला आहे. शाळामास्तर बाइस्त्रोक्की हाच गावचा ऑर्गनवादक. त्याने मुलास सूर ओळखावयास शिकविले. बापाने ऐपत नसता एक जुने, मोडके स्पिनेट, म्हणजे पट्ट्यांचे लहानसे तंतुवाद्य, विकत घेतले. ते दुरुस्त करावयास काव्हाल्लेत्ती नावाचा कारागीर आला. मुलाची शिकण्याची आवड पाहून त्याने मजुरी घेतली नाही, आणि तसे वाद्याच्या आत १८२१ सालासह लिहून ठेविले. हे स्पिनेट आज मिलान येथील ला स्काला नाट्यगृहाच्या संग्रहालयात आहे. राजेरजवाड्यांच्या देणग्या इतिहासात पुष्कळ नोंदल्या जातात. एका कारागिराने सोडून दिलेल्या मजुरीची नोंद क्वचितच टिकते.

दहाव्या वर्षी मुलगा शिक्षणासाठी बुस्सेतोस गेला आणि एका चांभाराच्या घरी राहू लागला. परंतु गावचा ऑर्गन त्याने सोडला नाही. रविवारी व सणावारी तो पायी रोंकोलेस येई व मिस्सेला ऑर्गन वाजवी. एकदा अंधारात तो पाण्याने भरलेल्या चरात पडला व एका शेतकरी बाईने त्यास वर काढले, असेही सांगतात. ते चर मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पाहिले आणि त्या बाईचे मनोमन आभार मानले.

(जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. डॉन कामिल्लो हा भांडखोर पण प्रेमळ धर्मगुरू ज्यांनी कथांतून निर्माण केला ते लेखक जोव्हान्नीनो ग्वारेस्की याच रोंकोलेत राहत. १९६८ साली ते वारले व येथेच पुरले गेले.)

बुस्सेतो हे लहानसे बाजारपेठेचे गाव. येथे आंतोनियो बारेझ्झी नावाचा एक किराणा व्यापारी होता. त्यास संगीताचे वेड. त्याच्या घराच्या दिवाणखान्यात गावातील हौशी वादकांची मंडळी जमे. त्याने या मुलास आपल्या घरी आणिले, पुढे मिलानला पाठविले. १८३२ साली मिलानच्या संगीत विद्यालयाने त्यास प्रवेश नाकारला. वय अधिक, मुलूख परका आणि पियानोवर हात ठेवण्याची पद्धत सदोष, अशी कारणे होती. आज तेच विद्यालय व्हेर्दीचे नाव धारण करून उभे आहे. बारेझ्झी मात्र डगमगला नाही. बुस्सेतोच्या धर्मादाय संस्थेची शिष्यवृत्ती आणि स्वतःच्या पदरचा पैसा यांवर त्याने मुलाचे खासगी शिक्षण पुरे केले. १८३६ साली त्याची कन्या मार्गेरीता व्हेर्दीची पत्नी झाली.

आता ऑपेरा म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे संगीत नाटक आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणिले. तेथे पात्र गद्य बोलते व भावना दाटली म्हणजे पद गाते. इटालियन ऑपेरात बहुधा गद्य नसतेच. पत्र वाचण्याची एखादी ओळ सोडली तर भांडण, निरोप, प्रार्थना, मरण सारे गाऊनच. कथा पुढे नेणारा भाग बोलण्याच्या चालीवर गातात. त्यास रेचितातीव्हो म्हणतात. मन उघडे करण्याचा क्षण आला की कथा थांबते आणि एकट्याचे दीर्घ गाणे सुरू होते, ते आरिया. त्यांच्या जोडीस दोघांचे, तिघांचे, चौघांचे गाणे आणि समुदायाचे वृंदगान असते. खाली खड्ड्यात साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद बसतो. गायकास ध्वनिक्षेपक नसतो. आपल्या छातीच्या बळावर त्याने शेवटच्या माळ्यावरील श्रोत्यापर्यंत पोहोचावयाचे असते.

या कलेस एकोणिसाव्या शतकात, ज्यास साहित्याच्या इतिहासात रोमँटिक काल म्हणतात त्यात, नवा जोम आला. देवदेवतांच्या व प्राचीन राजांच्या कथा मागे पडल्या. शापित बाप, हद्दपार प्रेमिक, जिप्सी स्त्री, गुलामगिरीतील लोक, वादळी रात्र, तुरुंगाचा बुरूज हे विषय पुढे आले. संगीत केवळ गोड असून भागेना. ते नाट्याचे अंग झाले.

दोन उदाहरणे देतो. ‘रिगोलेत्तो’ हा ऑपेरा १८५१ साली व्हेनिस येथे प्रथम झाला. नायक कोण, तर राजदरबारचा कुबडा विदूषक! तो इतरांच्या दुःखास हसतो, आणि शेवटी त्याचीच कन्या त्याच्या सूडास बळी पडते. शेवटच्या अंकात रंगमंचाचे दोन भाग केलेले असतात. आत सरदार एका स्त्रीची आर्जवे करीत आहे, ती त्यास थट्टेने उडवीत आहे. बाहेर फटीतून पाहणारी कन्या रडत आहे आणि बाप सूडाची भाषा बोलत आहे. चार माणसे एकाच वेळी बोलू लागली तर बाजार होईल. पण चौघे गातात तेव्हा प्रत्येकाचे मन निराळे ऐकू येते आणि चारही मिळून एक सुसंवाद उभा राहतो. जे गद्य नाटकास साधत नाही ते येथे साधते. लगेच वादळ सुटते. त्यात वाऱ्याचा आवाज पडद्याआड उभे असलेले पुरुष तोंड मिटून गुणगुणत काढतात!

दुसरे उदाहरण ‘इल त्रोव्हातोरे’ मधील, जो १८५३ साली रोमला प्रथम झाला. रात्र आहे. मृत्यूची घंटा वाजते. पडद्यामागून भिक्षूंचा वृंद मरणोन्मुख आत्म्यासाठी दयेची प्रार्थना गातो. बुरुजातून कैद्याचा आवाज येतो. तो कोठेच दिसत नाही. रंगमंचावर त्याची प्रेमिका एकटी उभी आहे. चर्च, तुरुंग आणि रस्ता अशी तीन ठिकाणे, आणि ती डोळ्यांनी नव्हे तर कानांनी उभी केलेली. मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या घरात जो वाढला आहे त्यास हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

आता मिलानला येऊ. ला स्काला हे नाट्यगृह बाहेरून अगदी साधे वाटते. ‘सांता मारिया आल्ला स्काला’ या जुन्या चर्चच्या जागी ते उभारले गेले व त्या चर्चचेच नाव त्यास राहिले. पियेर्मारीनी या वास्तुविशारदाने बांधलेले हे गृह १७७८ च्या ३ ऑगस्टला उघडले. आत पाऊल टाकताच घोड्याच्या नालेच्या आकारात एकावर एक चढलेली सज्जांची रांग दिसते; एकूण सहा मजले, खालचे चार श्रीमंतांच्या सज्जांचे आणि वरचे दोन साध्या लोकांचे. वरचा प्रेक्षक मोठा कडक. बेसूर गायकाची तो गय करीत नाही. १९४३ च्या ऑगस्टात बॉम्बवर्षावाने हे गृह उद्ध्वस्त झाले. शहरात घरांची व अन्नाची ददात असतानाही लोकांनी ते उभारले आणि १९४६ च्या ११ मे रोजी वृद्ध तोस्कानीनी यांनी पुन्हा वाद्यवृंद चालविला. येथला हंगाम दरवर्षी ७ डिसेंबरला, मिलानचा आश्रयदाता संत आंब्रोज याच्या सणाला, सुरू होतो.

याच रंगमंचावर व्हेर्दीचे आयुष्य मोडले आणि पुन्हा उभे राहिले. १८३८ साली त्याची लहान कन्या वारली, १८३९ साली मुलगा वारला, आणि १८४० च्या जूनमध्ये मार्गेरीताही गेली. घर रिकामे झाले. त्याच अवस्थेत ठरल्याप्रमाणे एक विनोदी ऑपेरा त्यास पुरा करावा लागला. सप्टेंबरात तो ला स्कालामध्ये पहिल्याच रात्री पडला. पुन्हा संगीत लिहिणार नाही, असा त्याने निश्चय केला. नाट्यगृहाचा चालक मेरेल्ली याने बळेच त्याच्या हाती एक नवी संहिता दिली. घरी येऊन त्याने ती मेजावर फेकली आणि वही उघडी पडली ती बाबिलोनच्या नदीकाठी मायभूमीसाठी शोक करणाऱ्या बंदिवान इस्राएल लोकांच्या गीतावर. ही हकीकत व्हेर्दीने स्वतः उतारवयात सांगितलेली आहे. तीत आठवणीचा रंग थोडा चढला असेल. पण नदीकाठचे ते स्तोत्र आपल्या ओळखीचे आहे, आणि पत्नी व दोन लेकरे गमावलेल्या माणसास ते कसे वाटले असेल हे आपणास कळू शकते.

त्यातून ‘नाबुक्को’ झाला. १८४२ च्या ९ मार्चला तो रंगमंचावर आला व त्याच वर्षीच्या शरद-हंगामात त्याचे ५७ प्रयोग झाले. पहिल्याच रात्री लोकांनी हे बंदिवानांचे गीत देशभक्तीच्या आवेशाने पुन्हा म्हणावयास लावले, असे पुष्कळ पुस्तकांत आढळते. अलीकडच्या संशोधकांस त्यास तत्कालीन आधार सापडला नाही. त्या गीतास राष्ट्रगीताची प्रतिष्ठा पुढे हळूहळू मिळाली. मला त्यात दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. या वृंदगानात बहुतेक सारे जण एकाच स्वरात, एकाच चालीने गातात. सजावट नाही. खेड्यातील चर्चमध्ये सारी मंडळी मिळून गाते तसे ते आहे.

व्हेर्दी पुढे भाविक राहिला, असे मी म्हणणार नाही. ते खरे होणार नाही. बुस्सेतोच्या चर्चमधील संगीतशिक्षकाच्या जागेवरून गावात दोन तट पडले, व धर्माधिकाऱ्यांनी त्यास डावलून दुसऱ्यास नेमले. पुढे तो ज्युझेप्पीना स्त्रेप्पोनी या गायिकेसह विवाहाविना गावात राहू लागला तेव्हा लोकांच्या जिभा सैल सुटल्या. १८५९ साली त्यांचा विवाह झाला, तरी त्याच्या मनातील अढी गेली नाही. १८६८ च्या १५ ऑगस्टला बुस्सेतोने त्याच्या नावाचे तीनशे आसनांचे टुमदार नाट्यगृह उघडले. त्याने दहा हजार लिरा दिल्या, पण त्यात कधी पाऊल टाकले नाही. त्याच्यासाठी राखलेला सज्जा मी पाहिला. धर्माचा नियम आपल्या ठिकाणी सत्यच आहे. परंतु नियम सांगताना माणूस कायमचा दुरावला तर त्याचा हिशेब कोणी तरी द्यावा लागतो, हे त्या सज्जासमोर उभे असता मनात आल्याविना राहिले नाही.

तथापि प्रार्थनेचे शब्द त्याच्या अंतःकरणातून पुसले गेले नव्हते. कादंबरीकार मांझोनी यांच्या प्रथम स्मृतिदिनी, १८७४ च्या २२ मे रोजी, मिलानच्या संत मार्क चर्चमध्ये त्याची मृतांसाठीची मिस्सा गाइली गेली. हा तर चर्चच्या वेषातील ऑपेरा, अशी टीका एका जर्मन संगीतज्ञाने केली. पण न्यायाच्या दिवसाचे भय आणि दयेची याचना ज्याने लहानपणी ऑर्गनच्या माळ्यावरून ऐकली त्यानेच ते लिहावे, असे ते संगीत आहे.

खेड्यातील गरीब रोग्यांसाठी त्याने १८८८ साली व्हिल्लानोव्हा येथे इस्पितळ उघडले. सांत’आगाता येथील त्याचे राहते घर २०२२ साली प्रेक्षकांस बंद करण्यात आले. पण मिलानमधील एक घर मात्र उघडे आहे. वृद्ध व निराधार संगीतकारांसाठी त्याने ते बांधविले आणि आपल्या ऑपेरांचे उत्पन्न त्यास लावून दिले. आपल्या साऱ्या कृतींत हीच अधिक प्रिय, असे तो म्हणे. इमारत १८९९ साली पुरी झाली, तरी आपण जिवंत असेपर्यंत ती उघडू नये, अशी त्याची ताकीद होती. कोणी आभार मानावयास येऊ नये, हा हेतू. १९०१ च्या २७ जानेवारीस तो वारला. आजारपणात गाड्यांचा खडखडाट त्यास ऐकू जाऊ नये म्हणून मिलानकरांनी रस्त्यावर गवताचा पेंढा अंथरला होता. पुढच्याच महिन्यात त्याची शवपेटी या घरी आणिली तेव्हा तोस्कानीनी यांच्या संचालनाखाली सुमारे आठशे कंठांनी बंदिवानांचे ते गीत गाइले. तो व ज्युझेप्पीना तेथेच शेजारी विसावले आहेत. १९०२ पासून त्या घरात म्हातारे गायक-वादक राहतात. मी गेलो तेव्हा वरच्या मजल्यावर कोणी तरी पियानो वाजवीत होते.

वाचकहो, हा प्रवाह आपल्या दारावरूनही गेला आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत मेस्त मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. तेथून निघालेल्या वादकांनी पुढे मुंबईचे वाद्यवृंद भरले. लुकाझिन रिबेरो हे गोवेकर एका इटालियन ऑपेरा मंडळीत काम करून आले व त्यांच्या पुढाकाराने १८९२ च्या १७ एप्रिलला, पुनरुत्थानाच्या रविवारी, ‘इटालियन भुरगो’ हा पहिला तियात्र मुंबईत झाला. आपल्या तियात्राचे एक मूळ असे त्या इटालियन रंगमंचापर्यंत पोहोचते.

आपल्या चर्चच्या माळ्यावर रविवारी जो मुलगा पेटीपाशी रेंगाळतो, त्यास घरची मंडळी कामासाठी हाक मारतात. तेही योग्यच आहे. तरी त्याच्या पेटीचा भाता फाटला असेल तर तो शिवून द्यावा. जवळ पैसा असेल त्याने एका वर्षाची फी भरावी. कारागिराने जमेल तर एका दिवसाची मजुरी सोडावी. त्यातून व्हेर्दी निर्माण होईलच असे नाही. पण गावच्या मिस्सेला एक चांगला वादक तरी खचित मिळेल.