मेटगळ्ळीच्या रस्त्यावर एका सुरीची गोष्ट

म्हैसूरला गेलात की संध्याकाळी वृंदावन बाग ठरलेलीच! शहरातून केआरएस रोडने निघालात की मेटगळ्ळी लागते. टायरचा मोठा कारखाना, उभे ट्रक, गॅरेजेस. फोटो काढावा असं काही नाही, म्हणून आपण खिडकीतून फक्त बघतो. पण ट्रेकिंगची आवड असेल तर या ट्रकच्या खाली जरा वाकून पाहा. चाकांवर दिसणारे ते वाकडे, जाड पाटे म्हणजे मजबूत सुरीचं उत्तम साहित्य आहे.

म्हैसूर प्रांताला पोलाद नवं नाही. कन्नडमध्ये पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. जगभर गाजलेल्या ‘वूट्झ’ पोलादाचं नाव त्यावरूनच पडलं, असं बरेच अभ्यासक मानतात. १७९४ मध्ये हेलेनस स्कॉट यांनी आपल्या मुंबईतून या पोलादाचे नमुने लंडनला पाठवले. पुढे मायकेल फॅरेडे यांनीही सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या जेम्स स्टोडार्ट यांच्यासोबत त्याचा अभ्यास केला.

आता आपल्या सुरीकडे वळू. फेकता येईल आणि कॅम्पवर काटक्या तोडायलाही चालेल, अशी सुरी अगदी साधी असते. एकाच पाट्यातून पातं आणि मूठ. लाकडी मूठ बसवायची नाही, कारण आपटून ती फुटते. हवं तर दोरी गुंडाळा. लांबी साधारण ३० सेंटीमीटर, जाडी ५ मिलिमीटर, वजन २५० ते ३०० ग्रॅम.

लोहार पाटा भट्टीत लाल करतो, ऐरणीवर ठोकून पातळ करतो आणि टोक काढतो. मग पुन्हा तापवून तेलात बुडवतो. यालाच आपण ‘पाणी पाजणं’ म्हणतो. या वेळी पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. ते तसंच फेकलंत तर तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो! म्हणून घासून चकाकी आणायची आणि निळसर रंग येईपर्यंत हळूहळू तापवायचं. धार थोडी लवकर बोथट होते, पण सुरी मोडत नाही. फेकण्याच्या सुरीला हेच हवं.

एक काळजी घ्या. जुन्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी बारीक चिरा पडलेल्या असतात. पाटा टांगून हातोडीने वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द वाजला तर भंगारात द्या. डोळ्यांनी न दिसणारी चीर पुष्कळदा कानाला कळते.

सराव करताना मऊ लाकडाचा ओंडका घ्या आणि त्याची कापलेली गोल बाजू समोर ठेवा. जिवंत झाडावर कधीच नको. सुरी उलटून परत येते, म्हणून मुलं आणि बघणारे सगळे फेकणाऱ्याच्या बरेच मागे. कायद्याचंही लक्षात ठेवा. घरकाम, शेती किंवा उद्योगासाठी नसलेलं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांत येतं. ट्रेकसाठी १५ सेंटीमीटरचं पातं भरपूर झालं. विमानाने जाणार असाल तर सुरी चेक-इन बॅगेत, गुंडाळून.

वेळ असेल तर म्हैसूरहून साधारण १२० किलोमीटरवरच्या मडिकेरीला जा. कोडवा लोकांची रुंद, वाकडी ओडिकत्ती पितळी पकडीत अडकवून पाठीवर बांधतात. लढाईचं हे हत्यार आज लग्नात केळीचे खुंट कापायला निघतं. आपल्या कोकणात कमरेच्या आकडीत अडकवलेली कोयती आठवली ना? नारळ सोलायला, झाप तोडायला, वाट साफ करायला तीच एक.

तेव्हा पुढच्या वेळी मेटगळ्ळीत पाच मिनिटं थांबा. एखाद्या गॅरेजमध्ये टाकून दिलेला पाटा मागा, आधी वाजवून बघा आणि मगच पैसे द्या.