रंगाच्या डब्याशेजारी एक वही

आमच्या वस्तीतला एक तरुण बाबासाहेबांची व तथागतांची चित्रे काढतो. ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीच्या परिसरात ती विकतो. एरवी लग्नपत्रिका, फलक आणि एका कंपनीच्या खोक्यांवरची सजावट करतो. २०२३-२४ साली त्या कंपनीकडे त्याची २,४०,००० रुपयांची बिले झाली. हाती पडले २,१६,०००. दहा टक्के, म्हणजे २४,००० रुपये, कर म्हणून आधीच कापले गेले.

त्याने आम्हाला विचारले, "काका, रिटर्न भरू का?" आम्ही बी.कॉम., कचेरीत कारकून, शिवाय विहारात चार लोकांचे अर्ज लिहिणारे. तोऱ्यात सांगितले, "तुझी मिळकत ती केवढी! तुला कर लागत नाही. कशाला भानगडीत पडतोस?"

कर लागत नव्हता हे खरे. पण म्हणूनच ते २४,००० परत मिळणार होते आणि रिटर्न भरल्याशिवाय ते मिळत नाहीत, हे आमच्या पगारदार डोक्यात आलेच नाही. मुदत टळली. त्या साली त्याच्या बहिणीची नर्सिंगची फी व्याजाच्या पैशाने भरली गेली. हे कळले तेव्हा आम्हाला मान वर करता आली नाही.

मग एका रविवारी वंदनेनंतर विहारातच बसलो. त्याने पिशवीभर पावत्या ओतल्या. रंग, कॅनव्हास, छपाई, माल नेण्याचे भाडे हे धंद्याचे खर्च. संगणकाची किंमत एकदम नव्हे, दरवर्षी घसाऱ्याने वजा होते. घरचा किराणा त्यात येत नाही. २०२४-२५ चे रिटर्न वेळेत भरले, कापलेला कर खात्यात परत आला. आधीच्या वर्षाचा उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज केला आहे. तो मान्य होईलच असे नाही.

२०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर नाही, म्हणून पुष्कळ जण निर्धास्त आहेत. पण उत्पन्न ४ लाखांवर गेले की कर शून्य असला तरी रिटर्न भरावेच लागते. त्याखाली असाल आणि कर कापला गेला असेल, तर तो मागितल्याशिवाय मिळत नाही.

बाबासाहेबांनी १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ प्रसिद्ध करून सरकारचा जमाखर्च तपासला. त्यांच्या लेकरांनी स्वतःच्या पावत्या पिशवीत कोंबून ठेवाव्यात काय? तथागतांनी सिगालाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगाला, दोन धंद्याला, एक अडीअडचणीला. भाग करायचे तर आधी हिशेब हवा.

त्या तरुणाच्या रंगाच्या डब्याशेजारी आता एक वही असते. आणि आम्ही? ठाऊक नसेल तेथे "विचारून सांगतो" म्हणायला शिकलो.

जयभीम!