आपण ज्यांचं देणं लागतो

कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत माझं मशीनशॉप आहे. फौंड्रीकडून बिडाचं कास्टिंग घ्यायचं, मशिनिंग करायचं आणि पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीला पोचवायचं, असा सरळ धंदा. कंपनीच्या परचेस खात्यातला माणूस येणार म्हटलं की आम्ही शॉप झाडून-पुसून ठेवायचो, दुपारच्या जेवणाचं आधीच ठरवायचो. फौंड्रीचे मालक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, आले की त्यांना ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहावं लागे. मी हे मुद्दाम करत नव्हतो. ज्याच्याकडून पैसे येतात त्याला मान द्यायचा आणि ज्याला द्यायचे आहेत त्याला थांबवायचं, ही रीत मी धंद्यात आल्यापासून पाहत होतो. ती चूक आहे हे मला फार उशिरा कळलं, आणि तोवर माझं बरंच नुकसान झालं होतं. अण्णांचं त्याहून जास्त.

कंपनी माझे पैसे नव्वद दिवसांनी द्यायची, कधी त्याहूनही उशिरा. तो ताण मी जसाच्या तसा अण्णांकडे सरकवत होतो. ‘कंपनीचं पेमेंट आलं की लगेच सोडतो’ हे माझं ठरलेलं उत्तर. त्यांच्या बाजूचा हिशेब मी कधी मांडूनच पाहिला नाही. भंगारवाला तीन महिने थांबत नाही. इंडक्शन फर्नेसचं वीजबिल तारखेला भरावंच लागतं. मोल्डिंगवरच्या माणसांचा पगार महिन्याला द्यावा लागतो. म्हणजे माझ्या कास्टिंगमधलं लोखंड, वीज आणि मजुरी या सगळ्याचे पैसे अण्णांनी माझ्या आधी भरलेले असत. माझा धंदा त्यांच्या भांडवलावर चालला होता आणि मी त्यांनाच समोर बसवून किलोमागे पन्नास-पन्नास पैशांसाठी घासाघीस करत होतो.

अण्णा कधी भांडले नाहीत. माझे पॅटर्न, म्हणजे साचे पाडायचे नमुने, मात्र हळूहळू रांगेत मागे गेले. वेळेवर पैसे देणाऱ्यांचं काम आधी मोल्डिंगला लागे, माझं भट्टीच्या उरलेल्या हीटमध्ये. मी त्याला फौंड्रीचा ढिसाळपणा समजलो आणि फोनवर आवाज चढवत राहिलो.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी २००६ साली झालेला कायदा मला चांगला माहीत होता, ही यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. कंपनीकडे थकबाकी मागताना मी या कलमांचा दाखला देत असे. अण्णांचीही फौंड्री लघुउद्योगच होती, पण त्यांचं बिल समोर आलं की मला हे काही आठवत नसे.

रिजेक्शनच्या बाबतीतही मी असाच वागलो. वाळूच्या साच्यातल्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आतली पोकळी, असेल तर बरेचदा वरून दिसत नाही, पहिला कट मारल्यावर उघडं पडतं. तोवर माझी मजुरी आणि मशीनचा वेळ गेलेला असतो, त्यामुळे वाद होणार हे धरूनच चालायचं. पण असा तुकडा निघाला की अण्णांना बोलावून दाखवायला हवं होतं. मी माल कोपऱ्यात साठवायचो आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम डेबिट नोट पाठवायचो. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पैशांच्या मुदतीसाठी तो स्वीकारला असंच तो कायदा धरतो. ‘कास्टिंग हार्ड आहे, टूल तुटतं’ ही आमची नेहमीची तक्रार. ब्रिनेल टेस्ट न करताच मी त्याचे पैसे कापले. पुढे एका नव्या सुपरवायझरने जुन्या लॉटमधले तुकडे तपासून घेतले, तर कित्येकांची हार्डनेस ड्रॉइंगमधल्या मर्यादेतच होती. आमच्या टूलचे इन्सर्टच झिजेपर्यंत चालवले जात होते. कापलेले पैसे मी तेव्हाही परत केले नाहीत.

२०२२च्या सुरुवातीला युक्रेन युद्धाने पिग आयर्नचे भाव भडकले. त्या मे महिन्यात केंद्र सरकारने पिग आयर्नवर १५ टक्के निर्यातशुल्क लावलं, त्याआधीचे महिने फौंड्रीवाल्यांना फार जड गेले. अण्णांनी दर वाढवून मागितला. मी जुनी ऑर्डर दाखवली आणि म्हणालो, “यात दर लिहिलाय, सही तुमचीच आहे.” ते म्हणाले, “मालक, या दरात मला ओतणं परवडत नाही. तुमचे पॅटर्न घेऊन जावा.” मी रागाने टेम्पो पाठवला.

पॅटर्न माझ्या मालकीचे होते, पण ते अण्णांच्या मोल्डिंग मशीनच्या आणि बॉक्सच्या मापाला बसवलेले. नव्या फौंड्रीत मॅच प्लेट बदलावी लागली, गेटिंग आणि रायझर नव्याने ठरवावे लागले. ब्लोहोल वाढले. कंपनीकडून सॅम्पलची मंजुरी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागली आणि तेवढ्यात एक पार्ट दुसऱ्या पुरवठादाराकडे गेला. अण्णांनी मागितलेली वाढ दिली असती तर तो खर्च याच्यापुढे काहीच नव्हता.

बँकेशीही मी अडचण लपवूनच वागलो. चेक परत गेल्यावर मॅनेजरना कळलं. आधी सांगितलं असतंत तर काहीतरी मार्ग काढता आला असता, असं ते म्हणाले आणि ते खरं होतं.

मार्च २०२४ला माझ्या सीएंनी पुरवठादारांचे उद्यम नोंदणी क्रमांक मागितले. आयकर कायद्यात नवी तरतूद आली होती: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजा मिळणार नाही. त्या निमित्ताने मी पहिल्यांदा थकलेल्या देण्यांची यादी नावानिशी पाहिली. कर वाचावा म्हणून ती यादी निघाली, स्वतःहून मला ते सुचलं नव्हतं, हे मला आजही सलतं.

अण्णांची राहिलेली रक्कम आणि चुकीने कापलेले पैसे मी त्यांच्या घरी जाऊन दिले. व्याजाचा चेक त्यांनी घेतला नाही. काम परत घ्यायलाही ते तयार झाले नाहीत. माझ्या जागेवर त्यांनी दुसरा ग्राहक जोडला होता, त्यांना माझी गरज उरली नव्हती.

आता नव्या फौंड्रीशी दर पिग आयर्न आणि भंगाराच्या भावाला बांधलेला आहे, दोन्ही बाजूंनी. पुढच्या दोन महिन्यांचं शेड्यूल त्यांना आगाऊ जातं. रिजेक्शन दोघांनी मिळून, त्याच आठवड्यात बघायचं. पैसे द्यायला जमणार नसेल तर फोन मी करायचा, तोही तारखेच्या आधी. यात अवघड काही नाही. अण्णांच्या बाबतीत हे सगळं करता येण्यासारखं होतं.

तुमचा कारखाना असेल, दुकान असेल, तर आज देण्यांची यादी काढा. ४५ दिवसांच्या पुढे गेलेली नावं बघा आणि त्यातल्या सगळ्यात लहान माणसाला आधी फोन करा. तो मागायला यायची वाट पाहू नका.