बावीसचं बत्तीस

माझी नेमबाजीतली सगळी वर्षं नळीच्या मापात सांगता येतील. आधी साडेचार मिलिमीटरचं एअर पिस्तूल, मग ५.६ मिलिमीटरचं, म्हणजे बावीस बोरचं, आणि शेवटी त्याच पिस्तुलाचं केलेलं बत्तीस. हे शेवटचं बदलणं मला सर्वांत जास्त शिकवून गेलं.

मी प्रतापगडचा. सातारा जिल्ह्यातल्या नव्हे, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडचा. आमच्या डोंगरावर महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गाही. महाशिवरात्रीला दोन्हीकडे माणसांची रीघ लागते. खाली धानाच्या बांध्या, जवळच गोठणगावची तिबेटी वसाहत आणि इटियाडोहचं पाणी. आमच्या भागात बंदूक म्हटलं की दोनच चित्रं डोळ्यांपुढे येत. एक रानडुकरं हाकणारी जुनी भरमार, दुसरं नक्षल चळवळीच्या काळात रस्त्यावर उभा असलेला जवान. तिसरं चित्र, म्हणजे एक हात लांब करून, श्वास आवरून कागदावरच्या काळ्या वर्तुळाकडे बघणारा खेळाडू, ते गावात कोणी पाहिलेलंच नव्हतं. मीही नागपूरला कॉलेजात गेल्यावर पाहिलं. एनसीसीत बावीसची रायफल हाती आली, तिथून क्लबात एअर पिस्तुलाकडे वळलो आणि तिथेच रमलो.

पुढे परवाना झाला आणि एका ज्येष्ठ नेमबाजाकडून त्यांचं वापरलेलं वाल्थर जीएसपी मी घेतलं. जर्मनीतल्या उल्म शहरात १९६८पासून बनू लागलेलं हे पिस्तूल दिसायला देखणं नाही. मॅगझिन मुठीत नसून ट्रिगरच्या पुढे, सगळा डौल चौकोनी. पण ते एकाच सांगाड्यावर दोन बोरांसाठी घडवलेलं आहे. बावीसची नळी, बोल्ट आणि मॅगझिन काढून कारखान्याचाच बत्तीसचा संच बसवायचा. सांगाडा तोच, मूठ तीच. पंचवीस मीटरच्या सेंटर फायर प्रकारात उतरायचं तर हे करावंच लागतं, कारण तिथे बावीस चालत नाही, ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरचा बोर लागतो. अर्थात हे घरी बसून करायचं काम नव्हे. नवी नळी म्हणजे कायद्याच्या नजरेत नवं हत्यार. परवान्यावर नोंद, मग जाणत्या आर्मररच्या हातून जोडणी, मगच रेंजवर. या क्रमाबद्दल कुरकुरणारे नेमबाज भेटतात. मला तो क्रम योग्यच वाटतो.

फरक कुठे असतो? बावीसच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून फायरिंग पिन कडेवर आपटते. बत्तीसला बुडाच्या मध्यभागी टोपी असते. सेंटर फायर हे नाव तिथूनच आलं. बावीसची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, बत्तीसची सहा ग्रॅमच्या वर. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर पुष्कळांच्या ऐकिवात असतं, पण स्पर्धेची गोळी वेगळी दिसते. शिशाची, सपाट नाकाची, काडतुसात तोंडापर्यंत बुडालेली. ती कागदात पंचने पाडल्यासारखं गोल, स्वच्छ भोक पाडते. पहिल्यांदा ते भोक पाहिलं तेव्हा मी टार्गेटचा कागद जपून ठेवला.

हाताचं मात्र वेगळं होतं. बत्तीसचा झटका मनगटातून कोपरापर्यंत जातो. सेंटर फायरच्या दुसऱ्या टप्प्यात टार्गेट तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद पाठ फिरवतं. त्या तीन सेकंदांत हात खालून वर आणायचा आणि एकच गोळी सोडायची. पाच गोळ्यांत पाच वेळा मूठ तळव्यात तिथेच बसायला हवी. बावीसला खपून गेलेली मुठीतली बारीकशी पोकळी बत्तीसला उघडी पडली. प्रत्येक झटक्याला लाकूड तळव्यात किंचित फिरत होतं.

सुटीत गावी येताना मी पिस्तूल नागपुरातच ठेवत असे. या वेळी फक्त मूठ उतरवून पिशवीत घातली. गावातल्या सुतारकाकांनी ती उलटसुलट केली आणि विचारलं, “कोनतं लाकूड हाय हे?” अक्रोडाचं, म्हटलं. सागवान आणि बीजा यांवर हयात काढलेल्या त्या माणसाने अक्रोडाला कधी कानस लावली नव्हती. त्यांनी माझा हात तेलाने माखून मुठीवर दाबायला लावला, डाग न पडलेली जागा पेन्सिलीने आखली, तिथे लांबी भरली आणि अंगठ्याच्या बुडाशी लाकूड घासून घासून उतरवलं. शेजारची पोरं गोळा झाली होती. बंदुकीचा तेवढाच भाग त्यांनी पाहिला, आणि मला वाटतं बघायला तोच योग्य होता. त्या मुठीने बत्तीस माझ्या हातात बसलं.

सेंटर फायर ऑलिम्पिकमध्ये नाही, त्यामुळे त्याला कमी लेखण्याची रीत आहे. ती मला मान्य नाही. जसपाल राणाने १९९४ला हिरोशिमात याच प्रकारात आशियाई सुवर्ण जिंकलं आणि २००६ला दोह्यात ६००पैकी ५९० गुण करून तेव्हाच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. पंचवीस मीटरवर बावीसने कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. त्या स्पर्धांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. कोल्हापूरने राही दिली, तेजस्विनी सावंत दिली, स्वप्नील कुसाळे दिला. तिथे पोरांनी आधी रेंज पाहिली, मग स्वप्न पाहिलं.

आमच्याकडे पहिली पायरीच नाही. बावीस आणि बत्तीस फार पुढची गोष्ट. परवाना, खर्च आणि वय या तिन्ही गोष्टी आड येतात. पण साडेचार मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. दहा मीटर अंतर मावेल अशी बंदिस्त खोली, मागे भक्कम भिंत, चांगला उजेड आणि शिस्तीचा शिक्षक, एवढ्यावर सुरुवात होते. तालुक्याच्या क्रीडा अधिकाऱ्यांना आणि आमच्या शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की अर्जुनी मोरगावात अशी एक खोली उघडा. शिकवायला मी येईन.