शिदोरी कुणाच्या कणगीतली?

डोंगरात पायी जायचे म्हटले की आपल्या वस्तीतली माणसे दोन प्रश्न विचारतात. पहिला, खर्च किती? दुसरा, खायचे काय? वास्तविक पाहता हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. एका दिवसाच्या सहलीला घरचा डबा पुरतो. पण पाच दिवस चालायचे, रोज मुक्काम नव्या गावात, वाटेत दुकान मिळाले तर चहा-बिस्किटापुरते, अशा वेळी डबा हा हिशेबाचा विषय होतो. आम्ही वीस वर्षे हिशेबाच्याच टेबलावर बसलेलो. त्यामुळे आमच्या मंडळाने २०२३ च्या डिसेंबरात नाणेघाट ते भीमाशंकर अशी पायवाट ठरवली, तेव्हा अन्नाचे खाते आमच्याकडे आले.

वाट थोडक्यात सांगतो. कल्याणहून मुरबाड, टोकावडेमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी धरायची आणि वैशाखऱ्याजवळ उतरायचे. तिथून नाणेघाट चढून घाटमाथ्यावरच्या घाटघर गावात पहिला मुक्काम. दुसऱ्या दिवशी जीवधन किल्ला पाहून आंबोली. तिसऱ्या दिवशी ढाकोबाचा डोंगर करून दुर्गच्या बाजूच्या वाडीत. चौथ्या दिवशी अहुपे. पाचव्या दिवशी कोंढवळमार्गे भीमाशंकर. डावीकडे पाहिले की जुन्नर-आंबेगावचा मावळ आणि उजवीकडे पाहिले की कड्याखाली कोकण. आम्ही बारा जण होतो. त्यात सात मुले, तीन मुली आणि आम्ही दोघे वडीलधारे. बहुतेकांचे आईवडील कारखान्यात, महापालिकेत किंवा घरकामाला. अशा घरांतून मूल पाच दिवस बाहेर पाठवायचे तर आधी कागद दाखवावा लागतो.

कागदावर पहिला हिशेब असा मांडला. चालणाऱ्या माणसाला दिवसाला तांदूळ २०० ग्रॅम, पीठ २००, डाळ-कडधान्य १००, पोहे किंवा रवा १००, शेंगदाणे-गूळ-फुटाणे १०० आणि तेल, मीठ, साखर, चहा, मसाला मिळून १००. म्हणजे माणशी ८०० ग्रॅम. पाच दिवसांचे चार किलो, बारा जणांचे ४८ किलो. त्यावर पातेली, शेगडी, जळण. माणशी तीन लिटर पाणी म्हणजे आणखी तीन किलो. अंथरूण-पांघरूण वेगळे. हे सगळे पाठीवर टाकून नवखे पोर जीवधनाच्या कातळपायऱ्या कसे चढणार?

ओझ्याचे नियम आपल्या आयाबायांना कुणी शिकवायला नको. जड असते ते पाणी. बटाटा, कांदा, ओला नारळ घेतला की आपण पाणीच वाहतो. चुरमुरे हलके, पण पिशवी भरून टाकतात. सुकी सुकट, भाजलेले शेंगदाणे, गूळ, फुटाणे, तिळाची चटणी यांना वजन कमी, जागा कमी आणि पोटाला आधार जास्त. दशम्या दोन दिवस नीट राहतात, त्यापुढे भरवसा नाही. एवढी काटकसर करूनही चार किलोचे तीन होतात, एक होत नाही. मग उपाय एकच. अन्न पाठीवर न घेता वाटेवर ठेवायचे.

इथे शहरातल्या चालणाऱ्यांची एक सोपी समजूत असते. "गावात काहीतरी मिळतेच की! आदिवासी माणसे फार प्रेमळ. नाही म्हणत नाहीत." बरोबर आहे, नाही म्हणत नाहीत. पण त्याचा अर्थ काय होतो, ते आम्हाला वाटेवरच्याच एका वाडीतल्या आजीने सांगितले. आषाढात एका रात्री पंधरा-वीस जण भिजत आले, म्हणाले, वाट चुकली, जेवायला घाला. घरात होता नव्हता तो तांदूळ आजीने घातला. सकाळी त्यांनी पैसेही दिले. आजी म्हणाली, "पैसं दिलं हो त्यांनी. पर पैसं शिजत न्हाईत."

हे वाक्य आम्ही वहीत लिहून घेतले. आषाढ म्हणजे डोंगरातली कणगी तळाला गेलेली असते. या भागातली महादेव कोळी कुटुंबे भात, नाचणी, वरई पिकवतात. पीक हाती येते ते कार्तिकाच्या सुमारास. हिरडा गोळा करून विकतात, त्याचे चार पैसे होतात. काम नसेल तेव्हा नारायणगाव-मंचरच्या बागायतीत मजुरीला उतरतात. पावसाळ्यातल्या याच ओढीसाठी सरकारला आदिवासींना खावटी द्यावी लागली. अशा महिन्यात बारा माणसांचे एक जेवण म्हणजे त्या घराचे किती दिवसांचे धान्य, हा त्रैराशिकाचा हिशेब शाळेतल्या मुलालाही येईल. पावसाने एसटी बंद, दुकान जुन्नरला. नोटा हातात घेऊन ते घर करणार काय?

म्हणून आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. जायचे ते भात घरात आल्यावरच. आणि कुणाच्याही दारात न सांगता उभे राहायचे नाही.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी आम्ही दोघे एसटीने गावोगाव फिरून आलो. जुन्नरहून घाटघर आणि आंबोली, तिथून पुढची वाडी, घोडेगावहून अहुपे. प्रत्येक गावी एक घर ठरवले. किती माणसे, किती वाजता, रात्रीचे जेवण, सकाळचा नाश्ता आणि वाटेसाठी भाकरी, सगळे बोलून ताटाचा भाव ठरवला आणि इसार हातात दिला. भाव घरच्या बाईने सांगायचा, आम्ही घासाघीस करायची नाही, असे आधीच ठरले होते. तांदूळ-नाचणी त्यांचीच, त्यांच्या भावाने. डाळ, तेल, चहा, साखर आम्ही पोचवली, कारण ती त्यांनाही विकतच आणावी लागते. आंबोली आणि अहुप्याला झाकणाचे पत्र्याचे डबे ठेवले, उंदरांपासून जपायला. त्यांत शेंगदाणे, गूळ, फुटाणे, सुकटीची चटणी. पंधरा दिवसांत खराब होईल असे काही नाही.

आता हिशेब पाहा. पाठीवर फक्त दुपारची कोरडी शिदोरी, माणशी रोज २५० ग्रॅम. सुरुवातीला दोन दिवसांची अर्धा किलो, शिवाय वाट चुकली, पाय मुरगळला तर म्हणून एका दिवसाची राखीव. एकूण पाऊण किलो. आंबोलीला पुढच्या दोन दिवसांची मिळायची, अहुप्याला शेवटच्या दिवसाची. चार किलोचे ओझे पाऊण किलोवर आले. बारा जणांचे ४८ किलो होते, ते नऊ झाले. आणि राखीव शिदोरीला भीमाशंकर येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा नियम सर्वांत कडक.

याच फेरीत जुन्नरला एसटी सुटायला अवकाश होता, म्हणून लेण्यांकडे वळलो. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा अशी दोनशेच्या आसपास लेणी आहेत, बहुतेक बौद्ध. आपण तिथे जातो, चैत्यासमोर हात जोडतो, फोटो काढतो आणि उतरतो. पण एवढ्या उंचावर राहणारे भिक्खू खात काय होते, पाणी कुठले पीत होते, हा प्रश्न किती जण विचारतात? उत्तर तिथल्या भिंतीवरच कोरलेले आहे. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेले टाके. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली. बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडवणारे यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे आणि शेते दान केल्याचेही लेख आहेत. बीकॉमच्या वर्गात आम्ही ठेव, व्याज, विश्वस्तनिधी हे शब्द पाठ केले. ते इथे दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरलेले दिसले. भिक्खू पिंडपातासाठी खाली गावात जात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण डोंगरावरचा विहार नुसत्या दयेवर चालत नाही, त्यामागे कुणाची तरी ठेव, कुणाचे तरी शेत आणि कुणाची तरी मेहनत नोंदवलेली असते, हे आम्हाला त्या दिवशी नीट उमगले.

नाणेघाटातही हिशेबच आहे, पण वेगळ्या जातीचा. घाटाच्या माथ्याशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मोठा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची जंत्री आहे, गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे, सगळे आकड्यांनिशी. आपल्या अंकांच्या इतिहासात तो लेख फार महत्त्वाचा मानतात. माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असे सांगतात. जवळच पाण्याची टाकी आहेत. कोकणातल्या बंदरांतून माल याच वाटेने जुन्नरला चढत असे. राणीच्या लेखात हत्तींचा आकडा सापडतो. त्या मालाच्या गोणी घेऊन हा चढ चढणाऱ्या हमालाने वाटेत काय खाल्ले, ते मात्र कुठे कोरलेले नाही. आमच्या मुलींपैकी एकीने हे पटकन विचारले आणि आम्हाला बरे वाटले.

जीवधनावर धान्याची दगडी कोठी आहे. १८१८ च्या इंग्रजांशी झालेल्या लढाईत तिच्यातल्या धान्याला आग लागली, असे सांगतात आणि आतली राख त्या धान्याची म्हणून दाखवतात. खरेखोटे काही असो. किल्ला तटावर नव्हे, कोठीवर लढतो, एवढे मुलांच्या ध्यानात आले.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. निघण्यापूर्वी वस्तीतल्या एका वयस्कर मावशींनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले होते, "घरात घेतील ना रे पोरांना? का अंगणात पत्रावळ्या मांडतील?" ज्यांनी उभे आयुष्य पाण्यासाठी दुसऱ्याच्या ओंजळीकडे पाहिले, त्यांचा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या माणसांच्या प्रवासाच्या वहीत ही एक जास्तीची ओळ असतेच. म्हणून इसार देतानाच आम्ही मंडळाचे पूर्ण नाव सांगितले, आम्ही कोण ते सांगितले. नंतर कळून ताट मागे ओढले जाण्यापेक्षा आधी कळलेले बरे. आंबोलीच्या घरातल्या बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "सुकट खाता का? शहरातलं पाव्हणं खात न्हाईत, मंग आमची पंचाईत होती." त्या रात्री त्यांच्याच ओटीवर, त्यांच्याच ताटांत आमची पोरे तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण जेवली. सगळीकडे असेच घडेल, असा आमचा दावा नाही. विचारून जावे, एवढेच म्हणणे.

आणखी एक खाते कागदावर येत नाही, ते पाण्याचे. बारा माणसे उतरली की पिणे, रांधणे, भांडी मिळून पाच-सहा हंडे लागतात. ते हंडे बाईच्या डोक्यावरून येतात. म्हणून मुक्कामी पोचल्यावर आधी पाणी आमच्या पोरांनी भरायचे, मग पाय पसरायचे. कुठले पाणी पिण्याचे, कुठले गुरांचे, हे विचारून घ्यायचे. भांडी आपली आपण घासायची. मुलगे कुरकुरले. तिसऱ्या दिवशी कुरकूर थांबली.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार गोष्टी आणखी. मध्येच कुणी आजारी पडले तर खाली उतरायच्या वाटा आधी माहीत हव्यात. नाणेघाटातून वैशाखरे, आंबोलीहून दाऱ्या घाटाने पळू, अहुपे घाटाने खोपिवली. पूर्वेकडे एसटीचा रस्ता आहेच, पण गाडीच्या वेळा गावात विचारून ठेवाव्यात. मोबाईलवर भिस्त नको. रेंज कड्यावर येते, दरीत जाते. आणि ऑनलाइन पैसे देऊ या भरवशावर न राहता सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात. भीमाशंकरचे जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे, शेकरूचे घर आहे. तिथे चूल पेटवायची नाही. म्हणून शेवटच्या दिवसाची भाकरी अहुप्याहूनच बांधून घ्यावी आणि प्लास्टिक परत आणावे.

परत आल्यावर पालकांपुढे जमाखर्च वाचून दाखवला. सर्वांत मोठी रक्कम एसटीची नव्हती. ती चार गावांतल्या चार घरांना दिलेली होती. एका पालकाने विचारले, "एवढे कशाला? सोबत नेले असते तर स्वस्त पडले असते." आम्ही त्यांना आजीचे वाक्य सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बरोबर आहे. आपण भाडे देऊन राहणारी माणसे. फुकटचे का खावे?"

बंधू-भगिनींनो, आपली मुले आता डोंगर चढू लागली आहेत. चढू द्या. मात्र पिशवी भरताना त्यांना वजनासोबत हेही विचारायला शिकवा की, रात्री ताटात पडणारा भात कुणाच्या कणगीतला आहे, ती कणगी आज भरलेली आहे की तळाला गेली आहे आणि त्याचा भाव आधी ठरला आहे का. पुढच्या भात कापणीनंतर ज्यांना यायचे असेल, त्यांनी दिवाळीआधी मंडळात नाव द्यावे. इसार वेळेत पोचला पाहिजे.