आत ओढलेला सूर

औरंगपुऱ्यात संध्याकाळी भाजी मंडईच्या कल्लोळापुढे टिकेल असं वाद्य नाही, आणि प्रस्तुत लेखकाचा माउथ ऑर्गन तर ओंजळीत मावतो. दहा भोकं, वीस पत्त्या. खिडक्या लावून लेखक रोज एकच काम करतो : तिसऱ्या भोकातला शुद्ध गंधार ओढता ओढता कोमलपर्यंत उतरवायचा. शेजारच्या काकूंना वाटतं, बाजा बिघडलाय.

माउथ ऑर्गन म्हटलं की आपल्याला 'शोले'तला (1975) जय आठवतो. ती धून भानू गुप्तांनी वाजवलेली. त्याआधी 'सोलवा साल'मध्ये (1958) देव आनंदच्या रेल्वेतल्या गाण्यात राहुलदेव बर्मन वाजवून गेले. दोन्ही गोड. ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकारातल्या बाजाला मात्र गोडपणाचं वावडं आहे.

ब्लूजवाले पांढरी एकचा बाजा पांढरी पाचच्या गाण्याला लावतात. इथेच सगळी मेख आहे. दुसऱ्या भोकात हवा आत ओढली की षड्ज, पाचव्यात कोमल निषाद आयता. तिसऱ्यात गंधार शुद्ध, पण जीभ जरा मागे घेऊन तोंडातली पोकळी बदलली की तो घसरत खाली येतो. चौथ्यातला पंचम तसाच तीव्र मध्यमाला टेकतो. आकाशवाणीने 1940 साली पेटीला दार बंद केलं, त्यामागे तिच्यातून मींड निघत नाही ही मोठी तक्रार होती. 1971 पर्यंत ते दार बंदच होतं. आणि त्याच जातीची पत्ती ओठांत आली की मींड देते!

पण एवढं साधूनही ब्लूज होत नाही. साथ लागते.

शिकागोच्या लिटल वॉल्टरची 'ज्यूक' ही शब्दांविना धून 1952 साली गाजली. मागे गिटारवर मडी वॉटर्स. धून लोकप्रियतेच्या यादीत वर चढताच वॉल्टरने मडीचा बँड सोडला आणि 'एसेस'ना जोडीला घेतलं : लुई आणि डेव्ह मायर्स हे दोघे भाऊ गिटारवर, ड्रमवर जॅझमधून आलेला फ्रेड बिलो. बेस गिटार नाहीच. खर्जाची बाजू डेव्ह साध्या गिटारवर सांभाळायचा. त्या ध्वनिमुद्रिका ऐकताना वॉल्टर श्वास घेतो त्या फटीकडे कान द्यावा. तिथे एक गिटार दोन शब्द बोलते आणि गप्प बसते. आपल्याकडे आप्पा जळगावकर भीमसेनजींच्या मागे पेटीवर हेच करायचे. तान संपल्यावर नेमकं तेवढंच.

लेखकाला हे उशिरा कळलं. गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात कीबोर्डवाल्याने एकही जागा मोकळी ठेवली नाही. लेखक थांबला की तो सुरू, लेखक सुरू झाला की तो आणखी जोरात. चौथ्या मिनिटाला बाजा ऐकूच येईना. दोष अर्थात अर्धा लेखकाचा. तालमीला कोण गेलं होतं?

शेवटी गल्लीतल्याच एका ढोलकीवाल्या पोराला बसवलं. बारा बार, दर बारला चार मात्रा, असं समजावून होतंय तोच तो म्हणाला, "काका, म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं की!" अगदी बरोबर. अठ्ठेचाळीस मात्रा. पहिल्या आवर्तनात सगळं षड्जाभोवती, दुसरं मध्यमावरून निघून परततं, तिसरं पंचमावरून उतरतं. गाण्याची ओळही तशीच : एकदा म्हटलेली, पुन्हा म्हटलेली आणि मग तिला उत्तर. लंगडत चालणारा ठेका मात्र त्याला आठवडाभर जमेना. दर मात्रेचे तीन तुकडे करून मधला गिळायचा. जमला तेव्हा ढोलकी निम्मी झाली आणि बाजा मोठा वाटायला लागला.

कुणाला हात घालायचा असेल तर दुकानात दहा भोकांचा, पांढरी एकचा बाजा मागा. पुढ्यात बहुधा चोवीस भोकांचा येईल. तो घेऊ नका. त्यात एका सुराला दोन पत्त्या असतात, त्यामुळे सूर थरथरतो छान, पण असा वाकत नाही.